शिंदीखाना, खाणावळ आणि सोलापूरचा वारसा : महापालिका आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त, सोलापूर महानगरपालिका,
तसेच शहरातील वारसा वास्तूंची यादी तयार करणारे व तपासणारे सर्व अधिकारी आणि सदस्य यांस

विषय : गिरण्यांच्या काळातील शिंदीखाने, खाणावळी, चहाची हॉटेले आणि जुने परमिट रूम यांची नोंद करण्याबाबत

महोदय,

ज्या इंद्रभुवनाशी या शहराचा कारभार जोडलेला आहे, ती अप्पासाहेब वारद यांची वास्तू महापालिकेने जपली आणि तिची डागडुजी करून तिला जुने रूप मिळवून दिले, याचे मला सोलापूरकर म्हणून समाधान आहे. भुईकोट किल्ला, सिद्धेश्वर मंदिर आणि तलावाचा परिसर, डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे घर, चार हुतात्म्यांचे पुतळे ही या शहराची मानचिन्हे आहेत आणि त्यांच्याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. मात्र ही सगळी नावे एका कागदावर उतरवून पाहिली की लक्षात येते, ज्यांच्या कष्टावर हे शहर उभे राहिले त्या गिरणी कामगाराची, मागवाल्याची किंवा विडी कामगाराची उठण्याबसण्याची एकही जागा त्यात नाही. ती जागा म्हणजे गिरणीच्या वाटेवरची खाणावळ, चौकातले चहाचे हॉटेल, गावाच्या कडेचा शिंदीखाना, म्हणजे शिंदीच्या झाडाचा आंबलेला रस विकणारे दुकान, आणि पुढे दारूबंदी सैल झाल्यावर त्यांच्या शेजारी किंवा त्यांच्याच जागी आलेला परमिट रूम. या ठिकाणांची रीतसर नोंद व्हावी, एवढ्याचसाठी हे पत्र लिहीत आहे.

दारूविक्रीला प्रतिष्ठा मिळवून द्यावी किंवा कोणाच्या परवान्यासाठी रदबदली करावी, असा माझा हेतू नाही. मी स्वतः दारू पीत नाही आणि या धंद्यात माझे कोणी नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण आपल्याकडे या विषयावर कोणी तोंड उघडले की पहिली शंका तीच घेतली जाते.

सोलापूरला १८६० मध्ये रेल्वे आली आणि १८७७ मध्ये मुरारजी गोकुळदास यांच्या पुढाकाराने सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी सुरू झाली. तिलाच आपण जुनी गिरणी म्हणतो आणि मुरारजी पेठेला नावही त्यांचेच आहे. त्यानंतर नरसिंग गिरजी, विष्णू, लक्ष्मी, जाम अशा गिरण्या उभ्या राहिल्या. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, विजापूर-कलबुर्गीकडून कानडी बोलणारी माणसे आली, आजच्या धाराशिव-लातूर भागातून आणि सोलापूरच्याच दुष्काळी खेड्यांतून मराठी शेतमजूर आले. यांतली पुष्कळ माणसे सुरुवातीला एकटी आली. बायकामुले गावाकडे, इथे एका खोलीत पाळीपाळीने झोपणारे पाचसहा जण आणि चूल मांडायला ना जागा ना वेळ, अशी ती राहणी होती. अशा माणसाला दोन वेळचे जेवण, पाळी सुटल्यावर टेकायला बाकडे आणि गावाकडची खबर सांगणारा कोणीतरी, या तीन गोष्टी ज्या ठिकाणी मिळत ते ठिकाण त्याच्या दृष्टीने घराइतकेच महत्त्वाचे होते. कामगाराच्या पोटापाण्याकडे सरकारचे लक्ष नव्हते असेही नाही. मुंबई सरकारच्या कामगार कार्यालयाने १९२५ मध्ये सोलापुरातील गिरणी कामगारांच्या कौटुंबिक खर्चाची पाहणी केली होती, आणि साठच्या दशकात पुण्याच्या गोखले संस्थेने या शहराचा सामाजिक-आर्थिक अभ्यास प्रसिद्ध केला. म्हणजे कामगार किती खातो, किती खर्चतो याची मोजदाद झाली. तो कुठे बसून खातो, कोणाबरोबर बसतो, हे मात्र कोणी लिहून ठेवले नाही.

माझे एक चुलते गिरणीत बदली कामगार होते. बदलीवाल्याला रोज सकाळी दरवाजाशी उभे राहावे लागे. कायम कामगार गैरहजर असला तर काम, नाहीतर हात हलवत परत. अशा माणसाला बँक उभे करत नसे, पण खाणावळवाला करत असे. महिन्याच्या बोलीवर जेवण आणि पगाराच्या दिवशी हिशेब, ही साधी व्यवस्था संपाच्या काळात किंवा गिरणी बंद असताना पुष्कळ संसारांना पुरली. चुलत्यांच्या खाणावळवाल्याकडे उधारीची लांबट लाल वही होती आणि त्यात मराठी नावे मोडी वळणाच्या अक्षरात व तेलुगू नावे तेलुगू अक्षरांत लिहिलेली असत, असे ते सांगत. ती वही आज कोणाकडे असेल असे मला वाटत नाही. १९३४ सालच्या मोठ्या गिरणी संपाचा इतिहास लिहिताना पुढाऱ्यांची भाषणे आणि पोलिसांचे अहवाल हाताशी असतात. संपकरी माणसे त्या महिन्यांत जेवली कशी, याचे उत्तर असल्या वह्यांत होते.

जेवणाविषयीही थोडे सांगायला हवे, कारण सोलापूरची म्हणून जी चव आज राज्यभर विकली जाते ती याच खाणावळींतून बाहेर पडली, असे माझे मत आहे. ज्वारीची कडक भाकरी दिवसेंदिवस टिकते, म्हणून ती प्रवासाला आणि डब्याला सोयीची. उखळात कांडून तेल सुटेपर्यंत चेचलेली शेंगांची चटणी भाजी नसली तरी जेवण भागवते. ही दोन्ही हातावर पोट असलेल्यांची सोय होती. पुष्कळ खाणावळी बायकांच्या हातावर चालत आणि कडक भाकरीचा व्यवसाय आजही बव्हंशी बायकांचाच आहे. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळाले, ही अभिमानाची बाब आहे. पण चादर विणणारा जिथे जेवला त्या जागेविषयी सरकारदरबारी एक ओळही नाही.

आता शिंदीखान्याकडे वळतो, कारण वारसा हा शब्द त्याच्याशी जोडताना सर्वांत जास्त संकोच तिथेच होतो. शिंदीचे झाड ओलाव्याच्या जागी, ओढ्यानाल्यांच्या काठी वाढते. झाडाच्या शेंड्याजवळ छेद घेऊन रात्रभर मडक्यात रस साठवतात आणि पहाटे उतरवतात. तो गोड रस सूर्य वर आला की आपोआप आंबू लागतो आणि संध्याकाळपर्यंत आंबट व कडक होतो. त्यामुळे शिंदी साठवता येत नाही, लांबवर नेता येत नाही. झाडापासून पायी अंतरावर दुकान असणे भागच असते. या कारणाने शिंदीखाने गावाच्या कडेला, ओढ्यांच्या वाटेवर आले. आज ते ओढे बुजले, त्यांच्यावर वसाहती झाल्या आणि पावसाळ्यात नेमके तिथेच पाणी तुंबते. शहराच्या जुन्या पाणवाटांचा शोध घेणाऱ्या अभियंत्याने जुन्या शिंदीखान्यांची यादी मागवली तर त्याचे अर्धे काम होईल, असे मी थोड्या विनोदाने पण बऱ्याच विश्वासाने म्हणतो.

इंग्रज सरकारला या झाडांत वेगळाच रस होता. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने ताडी आणि शिंदीचा व्यवहार सरकारच्या मुठीत आणला. रस काढायच्या झाडांवर पट्टी बसली, दुकानांचे लिलाव होऊ लागले आणि प्रत्येक मडक्यातून तिजोरीत काही ना काही पडू लागले. म्हणूनच १९३० च्या सविनय कायदेभंगात मिठाबरोबर दारूच्या दुकानांवरील निदर्शने आणि शिंदीची झाडे तोडणे हाही कार्यक्रम झाला. झाड तोडणे म्हणजे सरकारच्या उत्पन्नावर कुऱ्हाड घालणे होते.

पुढचे सोलापूरकरांना सांगायला नको, तरी या पत्राच्या संदर्भात सांगितले पाहिजे. महात्मा गांधींना अटक झाल्याची बातमी आली आणि शहर पेटले. ८ मे १९३० रोजी रूपाभवानी परिसरात जमावाने शिंदीची झाडे तोडायला सुरुवात केली, पोलिसांनी काहींना पकडले, त्यांना सोडवण्यासाठी गर्दी उसळली आणि गोळीबार झाला. शंकर शिवदारे हा तरुण त्या दिवशी हुतात्मा झाला. मंगळवार पेठेतील पोलीस चौकी आणि न्यायालयाची इमारत जळाली, पोलीस शहरातून बाहेर पडले आणि काही दिवस शहराचा कारभार लोकांनीच चालवला. १२ मे रोजी लष्करी कायदा, म्हणजेच मार्शल लॉ, पुकारला गेला. गांधी टोपी घालणेही त्या दिवसांत गुन्हा ठरले. पुढे मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली.

या चौघांचे पुतळे आपण उभारले आणि दरवर्षी त्यांना अभिवादन करतो. ज्या झाडांपाशी हे प्रकरण सुरू झाले, ती झाडे कोठे होती, त्यांचा रस कोणत्या दुकानात जात होता, ते दुकान लिलावात कोण घेत असे आणि तिथे कोण बसत असे, याची नोंद मात्र शहराने ठेवलेली नाही. शिंदीखाना बाजूला ठेवून मार्शल लॉचा इतिहास सांगता येत नाही. कदाचित त्या दिवशी झाडावर कुऱ्हाड चालवणाऱ्यांतले काही जण आदल्या संध्याकाळी त्याच झाडाची शिंदी प्यायले असतील. हा माझा तर्क आहे, पण गिरणगावात राहिलेल्या कोणालाही तो अशक्य वाटणार नाही. माणसाचे व्यसन आणि माणसाचा स्वाभिमान एकाच अंगात नांदू शकतात, हे आपल्या आजोबा-पणजोबांना आपल्यापेक्षा चांगले ठाऊक होते.

स्वातंत्र्यानंतर ६ एप्रिल १९५० पासून मुंबई प्रांतात पूर्ण दारूबंदी आली आणि शिंदीखाने कायद्याने बंद झाले. पिणे बंद झाले नाही, ते हातभट्टीकडे वळले. हे सर्वत्र झाले आणि सोलापूरही त्याला अपवाद नव्हते. साठच्या दशकात बंदी टप्प्याटप्प्याने सैल झाली आणि तिच्यातून परमिट रूम जन्माला आला. मूळ दारूबंदी अधिनियम १९४९ सालचा असून तो आजही लागू आहे आणि पिणाऱ्याने परवाना जवळ बाळगावा ही अट त्यात आजही आहे. परमिट रूमचे झाकलेले दरवाजे, काळ्या काचा, आतला अंधार हा सगळा प्रकार त्या कायद्याच्या पोटातून आलेला आहे. मोकळ्या हवेत फुटाणे खात शिंदी पिणारा कामगार अशा रीतीने बंद खोलीत गेला. पुढे डिसेंबर २०१६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने महामार्गालगतची दारूविक्री १ एप्रिल २०१७ पासून थांबवली, तेव्हा पुणे-हैदराबाद आणि विजापूर मार्गांवर वसलेल्या आपल्या शहराला त्याची झळ लागणारच होती. त्याच वर्षी न्यायालयाने ही बंदी महापालिका हद्दीतील दुकानांना लागू नाही, असा खुलासा केला. या उलटसुलट निर्णयांचे बरेवाईट ठरवणे हा माझा विषय नाही. मला एवढेच दाखवायचे आहे की या जागांचे रूप कायद्याने वेळोवेळी बदलले आहे, आणि ज्याचे रूप कायद्याने बदलते त्याचे कागद कुठेतरी असतातच.

या जागांच्या इतिहासाचा आणखी एक पदर आहे आणि तो झाकून चालणार नाही. खाणावळ किंवा हॉटेल म्हणजे सर्वांना खुली जागा, असे आज आपण गृहीत धरतो. तसे ते नव्हते. अमुक जातीची खाणावळ, तमुक जातीला बाहेर वेगळी कपबशी, हे महाराष्ट्रातल्या गावोगावच्या हॉटेलांत चालत होते. राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात विहिरी, तलाव आणि रस्ते यांच्या बरोबरीने दुकाने, उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा नावानिशी उल्लेख करावा लागला, तो याच अनुभवामुळे. आणि १९५५ च्या अस्पृश्यता कायद्याने असा भेद करणाऱ्याला शिक्षा ठरवली. गिरणीत एका खात्यात काम करणारी माणसे बाहेर एका बाकावर बसू लागली, हे कोणत्या हॉटेलात आधी घडले आणि कुठे नाइलाजाने घडले, याचा शोध घेतला तर या शहराचा एक महत्त्वाचा इतिहास हाती लागेल. शिंदीखान्यात म्हणे जात पाहत नसत. हे मी अनेकांकडून ऐकले आहे, पण तेवढ्यावर विश्वास ठेवायला तयार नाही. मडकी वेगळी होती की नव्हती हे सांगणारी माणसे अजून हयात असतील तर त्यांना आताच विचारले पाहिजे.

चहाच्या हॉटेलाबद्दल फार लिहीत नाही, कारण त्याविषयी सगळेच प्रेमाने बोलतात. तिथे वर्तमानपत्र मोठ्याने वाचले जाई, रेडिओ ऐकला जाई, लाल बावट्याच्या सभेचे ठिकाण ठरे, स्थळे जुळत आणि मोडतही. पूर्व भागात एकाच टेबलावर तेलुगू, कानडी, मराठी आणि उर्दू चालत असे, आणि पोऱ्या चारही भाषांत ऑर्डर घेत असे. बहुभाषिक शहर म्हणून आपण ज्याचा गौरव करतो ते अशा टेबलांवर घडले.

आता आक्षेपाकडे येतो. दारूने या शहरातील किती संसार उद्ध्वस्त केले, हे पूर्व भागातल्या कोणत्याही विडी कामगार बाईला विचारावे. दिवसभर हजार विड्या वळून मिळालेला पैसा नवऱ्याच्या हाती लागू नये म्हणून लपवणारी बाई आणि तो हिसकावून दुकानाकडे जाणारा नवरा, हे चित्र आपल्याला अनोळखी नाही. रासायनिक भेसळीच्या शिंदीने तर अधिकच वाट लावली. मतदान घेऊन दुकान बंद पाडण्याची जी तरतूद राज्यात आहे, जिला लोक आडवी बाटली म्हणतात, ती अशा बायकांच्या लढ्यातूनच आली. तेव्हा वारसा म्हणून नोंद करायची तर या बायकांची बाजूही त्याच पानावर आली पाहिजे. ज्या ठिकाणी बायकांनी दुकान बंद पाडले, ते ठिकाणही नोंदीत हवे. एखाद्या जागेची नोंद करणे म्हणजे तिला हार घालणे नव्हे. मार्शल लॉच्या आठवणी जपतो म्हणून आपण मार्शल लॉचे समर्थन करत नाही.

दुसरा आक्षेप असा येईल की या जागांना वास्तू म्हणून काही किंमत नाही : पत्र्याचे छप्पर, शहाबादी फरशी, लाकडी बाकडी, यात जपायचे काय? यावर जगातली दोनचार उदाहरणे पाहावीत. उत्तर आयर्लंडमधील बेलफास्ट शहरात क्राउन लिकर सलून हा जुना बार आहे. रंगीत फरशा, गॅसचे दिवे आणि लाकडी कप्प्यांसाठी प्रसिद्ध असलेली ती जागा १९७८ मध्ये नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेने ताब्यात घेतली आणि ती आजही बार म्हणूनच चालते. अर्थात ती देखणी आहे, आमचे शिंदीखाने नव्हते, हे कबूल.

म्हणून दुसरे उदाहरण अधिक उपयोगाचे आहे. लंडनच्या किलबर्न भागातील कार्लटन टॅव्हर्न हा १९२०-२१ मध्ये बांधलेला मोहल्ल्यातला साधा पब होता. त्याला संरक्षित वास्तूचा दर्जा देण्याचा विचार चालू असतानाच एप्रिल २०१५ मध्ये विकासकाने परवानगीशिवाय तो जमीनदोस्त केला. आपल्याकडे असे झाले असते तर दंडाची नोटीस निघाली असती आणि वर्षभरात तिथे गाळे उभे राहिले असते. तिथल्या वेस्टमिन्स्टर पालिकेने तो जसा होता तसाच पुन्हा बांधण्याचा आदेश दिला, अपिलातही तो टिकला आणि एप्रिल २०२१ मध्ये तोच पब पुन्हा उघडला. हे शक्य झाले, कारण रहिवाशांना आधीच संशय आला होता, त्यांनी वारसा संस्थेकडे धाव घेतली होती आणि त्या संस्थेने इमारतीची छायाचित्रे, तपशील आणि नक्षीचे साचे आधीच करून ठेवले होते. नोंद आधी झालेली होती, म्हणून आदेश अमलात आणता आला. आयुक्त महोदय, माझ्या साऱ्या मागणीचा गाभा या एका प्रकरणात आहे.

परदेशाचे दाखले परवडत नसतील तर कोलकात्याचा घ्यावा. इंटॅक या वारसा जपणाऱ्या संस्थेने २०१९ मध्ये तिथल्या निवडक जुन्या खाद्यगृहांना वारसा फलक दिले. त्यांत कॉलेज स्ट्रीटचे कॉफी हाउस आहे, पार्क स्ट्रीटवरचे ट्रिंकाज आहे, आणि केळीच्या पानावर स्वस्तात जेवू घालणारे सिद्धेश्वरी आश्रम हे पाइस हॉटेलही आहे. नोकरीसाठी शहरात एकट्या आलेल्या माणसांची ती खाणावळ. नावही आपल्याला परके वाटू नये असे. फलकाने कोणाची मालकी बदलली नाही आणि कोणावर बंधन आले नाही, पण शहराने या जागा ओळखल्या असे जाहीर झाले.

सोलापुरात उशीर झालेलाच आहे. जुनी गिरणी १९६३ मध्ये बंद झाली. तिचे व्यवस्थापन सरकारने ताब्यात घेण्याच्या प्रश्नावर १९५० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलेला निकाल देशभरातले कायद्याचे विद्यार्थी आजही वाचतात. त्या गिरणीच्या दारातल्या हॉटेलांची नावे मात्र सोलापुरातल्या तिशीच्या माणसालाही सांगता येणार नाहीत. लक्ष्मी-विष्णू नव्वदच्या दशकात थांबली. भोंगे गेले तसे पाळीवर चालणारे धंदेही गेले. नंतर यंत्रमागांनी पूर्व भागात काही ठिकाणे जगवली, पण कामगारांची घरे शहराबाहेर कुंभारीकडे गेली, तेव्हा त्यांचे रोजचे बसणेउठणेही विखुरले. ही घरे मिळाली हे चांगलेच झाले. उरलेल्या जुन्या जागा आता रस्तारुंदीकरण, वाटण्या आणि पुनर्विकास यांच्या वाटेवर आहेत, आणि मालकांची पुढची पिढी त्या चालवायला उत्सुक नाही. याबद्दल कोणाला दोष देता येत नाही.

तेव्हा मागणी अशी आहे. महापालिकेने शहरातील महाविद्यालये आणि विद्यापीठाच्या इतिहास, समाजशास्त्र व वास्तुकला विभागांना बरोबर घेऊन एक पाहणी करावी. जुन्या गिरणीपासून अक्कलकोट रस्त्यापर्यंतचा गिरण्यांचा व यंत्रमागांचा पट्टा, मुरारजी पेठ, मंगळवार पेठ, साखर पेठ, भवानी पेठ, रूपाभवानी आणि रेल्वे स्थानकाचा परिसर एवढ्यापासून सुरुवात केली तरी पुरे. सापडेल त्या प्रत्येक जागेची छायाचित्रे, मोजमापे, जुने दरपत्रक, फर्निचर, वह्या यांची नोंद व्हावी आणि मालक, वाढपी, गिऱ्हाईक व शेजारच्या बायका यांच्या मुलाखती त्यांच्याच भाषेत ध्वनिमुद्रित व्हाव्यात. मराठीत भाषांतर नंतर करता येईल. तेलुगू आणि कानडी आधी नोंदवावे. जुने कागद तीन कचेऱ्यांत विभागलेले असणार : उपाहारगृहांचे परवाने आणि मालमत्ता कराची पुस्तके पालिकेकडे, अबकारीचे कागद राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे, आणि बराच काळ पोलीसही खाद्यगृहांना परवाना देत असल्याने काही त्यांच्याकडे. आपली नगरपालिका १८५२ ची आणि महानगरपालिका १९६४ ची. तेव्हा अभिलेख कक्षात काय आहे ते पाहिल्याशिवाय काहीच नाही असे सांगितले जाऊ नये. हे कागद मुदत संपली म्हणून नष्ट करण्याच्या यादीत असतील तर तो निर्णय आधी थांबवावा, ही सर्वांत तातडीची विनंती आहे.

नोंद झाल्यावर ज्या थोड्या जागा खरोखर टिकून आहेत त्यांचा विचार तिसऱ्या श्रेणीसाठी व्हावा. वारसा नियमावलीतील या श्रेणीत वास्तूच्या देखणेपणाबरोबर समाजशास्त्रीय महत्त्वही धरलेले आहे, म्हणजे त्यासाठी नवा नियम करण्याची गरज नाही. मालकावर जबरदस्ती करू नये. श्रेणी मिळाली म्हणजे आपली जागा अडकली, ही भीती प्रत्येक घरमालकाला असते आणि ती निराधार नाही. म्हणून मालमत्ता करातील सवलत किंवा दुरुस्तीची परवानगी लवकर मिळण्याची सोय आधी जाहीर करावी, श्रेणीची चर्चा नंतर. जिथे पाडणे अटळ असेल तिथे बांधकाम परवान्यापूर्वी नोंद पूर्ण झाल्याचे पत्र घ्यावे. आणि रूपाभवानी परिसरात १९३० ची शिंदीची झाडे जिथे होती ती जागा निश्चित करून तिथे एक फलक लावावा. त्यावर शंकर शिवदारे यांच्या नावाबरोबर झाडांचा, दुकानाचा आणि अबकारी उत्पन्नाचा उल्लेख असावा, म्हणजे वाचणाऱ्याला लोक झाडे का तोडत होते हे कळेल.

या कामाचा खर्च एखाद्या चौकाच्या सुशोभीकरणापेक्षा जास्त येणार नाही. वेळ मात्र लागेल आणि तो माणसांच्या वयाशी बांधलेला आहे. नव्वदच्या दशकात तरुण असलेला कामगार आज निवृत्त आहे, आणि जुन्या गिरणीत काम केलेल्यांपैकी बोलू शकणारे फारच थोडे उरले असतील. पाहणीचे काम कोणत्या विभागाकडे द्यायचे, नागरिकांनी आपल्याकडची छायाचित्रे, वह्या आणि आठवणी कोणत्या कचेरीत आणून द्यायच्या आणि त्यांची पोच कोण देणार, एवढे आपण जाहीर निवेदनाद्वारे कळवावे. माझ्याकडे चुलत्यांचे गिरणीचे हजेरी कार्ड आणि खाणावळीच्या हिशेबाचे काही कागद आहेत. कचेरीचे नाव कळताच ते आणून देईन.

कळावे,
आपला नम्र,
पूर्व भागातील एक रहिवासी, सोलापूर